बॉटल्ड-इन-बॉन्ड बर्बन चाखताय? या चुका टाळा

बर्बन म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणारी अमेरिकन व्हिस्की, आणि बॉटल्ड-इन-बॉन्ड म्हणजे तिथल्या एका जुन्या कायद्याचे नियम पाळून बनवलेली. इव्हान विल्यम्स या ब्रँडची अशी पांढऱ्या लेबलची बाटली अमेरिकेत साधारण 20 डॉलरच्या आसपास मिळते. एक घोट घेऊन "स्वस्तातली आहे, नुसती जळते" म्हणत ती बाजूला सारणारे बरेच भेटतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा गडबड चाखण्यात झालेली असते.

सगळ्यात मोठी चूक आकड्याची. आपल्याकडच्या व्हिस्कीवर 42.8 टक्के, 75 डिग्री प्रूफ असं वाचायची सवय असते. प्रूफ म्हणजे दारूच्या तीव्रतेचं माप, आणि हे 75 ब्रिटिश पद्धतीचं. अमेरिकन प्रूफ म्हणजे टक्क्यांच्या दुप्पट, म्हणून या बाटलीवरचं 100 प्रूफ म्हणजे 50 टक्के. नेहमीच्या अंदाजाने मोठा घोट घेतलात की जीभ बधिर होते, आणि पुढचं काहीच कळत नाही.

यावर उपाय सोपा आहे. 30 मिली ओता आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. वास घेताना नाक ग्लासात खुपसू नका. ग्लास हनुवटीपाशी धरा, ओठ किंचित उघडे ठेवा आणि हळूहळू वर आणा. पहिला घोट थेंबभरच, तोंडभर फिरवायचा. त्यावरून मत बनवायचं नाही, तो जिभेला सवय व्हावी म्हणून. दुसरा घोट नीट लक्ष देऊन घ्या. मग चहाचा एक चमचा, म्हणजे 5 मिली, पाणी घाला. हिशेब केलात तर दारू 43 टक्क्यांच्या जवळ येते, आपल्या ओळखीच्या पातळीवर. माझ्या ग्लासात इथेच फरक पडतो: मिरीसारखा तिखटपणा मागे सरतो, गुळाच्या पाकाचा आणि व्हॅनिलाचा वास वर येतो, आणि शेवटी फार उकळलेल्या चहासारखा लाकडाचा तुरटपणा जिभेवर राहतो.

स्कॉचशी तुलना करत धुराचा वास शोधू नका. बर्बन दरवेळी आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपात मुरते, त्यामुळे लाकूड पुढे असणारच. तो दोष नव्हे.

"बॉन्ड" म्हणजे उत्तम दर्जाचा शिक्का, हाही गैरसमज. 1897 चा हा अमेरिकन कायदा आला तो भेसळ रोखायला. एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामाची (जानेवारी ते जून किंवा जुलै ते डिसेंबर), बॉन्डेड (सरकारी देखरेखीखालच्या) गोदामात किमान 4 वर्षं मुरलेली आणि नेमकी 100 प्रूफची दारू, एवढीच त्याची हमी. पण ती हमी मोठी आहे, कारण दुसऱ्या हंगामाचा माल मिसळून उणीव झाकता येत नाही. मात्र तिच्याकडून 12 वर्षांच्या बाटलीचा मऊपणा मागू नका.

शेव, लसूण चटणी, कांदा असा चकणा दारू चाखून झाल्यावरच खा. बर्फही नंतरच.

नवी बाटली उघडल्या दिवशीच निकाल देऊ नका. आठवड्याने पुन्हा चाखा. आणि तळाशी थोडी उरलेली दारू वर्षभर मोठ्या बाटलीत ठेवू नका, आतल्या हवेने चव उतरते. लहान बाटलीत काठोकाठ भरून, उभी, उन्हापासून दूर ठेवा.