संमतीने घटस्फोट घेताय? मग हे आधी वाचा, विशेषतः मूल असेल तर

गेल्या महिन्यात मावसबहिणीचा फोन आला, म्हणाली ताई झालं एकदाचं, नोटरीकडे जाऊन स्टॅम्पपेपरवर दोघांनी सह्या केल्या, साक्षीदार पण होते. मी विचारलं कोर्टात गेला होतात का, तर नाही. अगं मग घटस्फोट झालेलाच नाही! आपल्याकडे अजून सर्रास हे चालतं, सोडचिठ्ठी म्हणा फारकत म्हणा. काही समाजांत रूढीने काडीमोड होतो आणि कायदा तो मानतो, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. बाकीच्यांसाठी त्या कागदाने लग्न मोडत नाही, आणि त्याच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल, वर गुन्हा.

दोघं तयार असाल तर हिंदू मॅरेज ॲक्ट १९५५ च्या कलम १३ब खाली फॅमिली कोर्टात दोघांनी मिळून अर्ज करायचा (रजिस्टर लग्न स्पेशल मॅरेज ॲक्टखाली झालं असेल तर कलम २८, पद्धत साधारण तीच). फॅमिली कोर्ट नसेल तिथे जिल्ह्याच्या दिवाणी कोर्टात. अट ही की अर्ज करताना किमान एक वर्ष वेगळं राहत असायला हवं, आणि वेगळं म्हणजे नवरा-बायको म्हणून संबंध नाही असं, एका छताखाली असलात तरी चालू शकतं. अर्ज टाकला की सहा महिने थांबायचं मग दुसरी तारीख, १८ महिन्यांच्या आत. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलंय की वेगळं राहून दीड वर्षाच्या वर झालं असेल, समेटाचे प्रयत्न फसलेले असतील आणि पोटगी, मुलाचा ताबा सगळं ठरलेलं असेल तर हे सहा महिने माफ होऊ शकतात, त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो, वकिलाला आठवण करा. आणि हो, शेवटची तारीख होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून सगळे पैसे आधीच देऊन मोकळं होऊ नका, अर्धे पहिल्या तारखेला अर्धे दुसऱ्या तारखेला जजसमोर डीडीने, असं लिहून घ्या.

आता खरा मुद्दा, कन्सेंट टर्म्स, म्हणजे पोटगी, ताबा, भेटी असं दोघांनी काय ठरवलं ते लिहून कोर्टात देतात तो कागद. माझ्या स्वतःच्या कन्सेंट टर्म्समध्ये मुलाच्या भेटीबद्दल एकच ओळ होती, "वडील मुलास सोयीनुसार भेटू शकतील". तेव्हा वाटलं आपण समजूतदार आहोत, कशाला तपशील. पहिल्याच दिवाळीत तो म्हणाला नरक चतुर्दशीला आमच्याकडे, मी म्हणाले अभ्यंगस्नान इथेच होणार, आणि सहा वर्षांचं पोर पाठीला सॅक लावून, हातात फुलबाज्यांचं पाकीट घेऊन पाऊण तास सोसायटीच्या गेटवर आमच्या दोघांची तोंडं बघत उभं. सोयीनुसार म्हणजे कोणाच्या सोयीनुसार ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून अगदी बारीक लिहा. कोणता शनिवार, किती ते किती, आणायला कोण जाणार आणि सोडायला कोण, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी कशी, कोणत्या वर्षी पहिला अर्धा कोणाचा, वाढदिवस, व्हिडिओ कॉलची वेळ, शाळेचं ग्रुपवर आलेलं सगळं दोघांना कळणार का, पासपोर्टसाठी सही कोण देणार. पोटगीत फक्त महिन्याचा आकडा नको, दरवर्षी किती टक्के वाढ, शाळेची फी आणि मेडिक्लेम वेगळा. आईने "मला काही नको" लिहून दिलं तरी मुलाचा पोटगीचा हक्क त्याने जात नाही, तो मुलाचा आहे. ताब्याचं म्हणाल तर पाच वर्षांखालचं मूल साधारण आईकडे, पण शेवटी कोर्ट मुलाचं हित बघतं, मोठ्या मुलाशी जज चेंबरमध्ये बोलतात पण. परिस्थिती बदलली तर ताब्याची आणि भेटीची ऑर्डर नंतर बदलून मागता येते, आम्हीही शेवटी तेच केलं.

लग्नाआधीचा करार म्हणजे प्रीनप, त्याबद्दलही खूप जण विचारतात. महाराष्ट्रात तो हिंदू लग्नाला जोडून कोर्टात टिकेल असं धरून चालू नका. गोव्याचं वेगळं आहे, तिथे पोर्तुगीज काळापासूनचा सिव्हिल कोड अजून लागू आहे, आधी करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता सहसा दोघांची सामायिक धरली जाते, आणि करार करायचा तर लग्नाआधीच रीतसर करावा लागतो, नंतर बदलता येत नाही.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून कोणी बाई अडून बसली असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, १५१०० वर फोन केला तरी चालतो. स्त्रीधनाची यादी मात्र घरी बसून स्वतः करा, दागिन्याचं नाव, अंदाजे तोळे, लग्नातला फोटो असेल तर तो.

बहिणीचं अजून काही बिघडलेलं नाही, दोघं तयार आहेत, वेगळं राहून सव्वा वर्ष झालंय. सध्या कागद गोळा करतोय, लग्नाचं सर्टिफिकेट, पत्रिका, लग्नातला जोडीचा फोटो, दोघांचे आधार, मुलीचा जन्मदाखला. आणि मुलीच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर घेऊन येत्या रविवारी दोघांना माझ्याकडे बसवणार आहे, वकिलाकडे जायच्या आधी.