बंद डम्पिंगवर पहिली नोकरी लागलीय? बोअरच्या स्वच्छ अहवालावर लगेच विश्वास ठेवू नका

बंद डम्पिंगवर नेमणूक झाली की सगळे सांगतात, ‘आराम आहे, गवत सांभाळायचं.’ ऐकू नका. बंद होते ती फक्त कचऱ्याची गाडी. आतला कचरा कुजत राहतो, खचत राहतो, मिथेन सोडत राहतो. म्हणून तर २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंद केल्यानंतरही किमान १५ वर्षं देखभाल सांगितली होती. कॅपिंगचे, म्हणजे कचऱ्यावर चढवलेल्या मातीच्या टोपीचे थर तुम्ही शिकलेले असालच: ६० सेंमी चिकणमाती, १५ सेंमी निचऱ्याचा थर आणि वर ४५ सेंमी माती.

त्या ४५ सेंमीत काय वाढू द्यायचं, यावरून साहेबांशी वाद होणार. त्याच २०१६ च्या नियमांत होतं, मुळं ३० सेंमीच्या खाली जाऊ नयेत. तरी दर जूनमध्ये कुणीतरी वृक्षारोपणाला रोपं घेऊन येतं. नम्रपणे पायथ्याची जागा दाखवा. सुबाभूळ, पिंपळाचं रोप, वेडी बाभूळ दिसली की हाताएवढी असतानाच मुळासकट काढा. उतार धरायला वाळा लावा असा सल्लाही मिळेल. वाळ्याची मुळं मीटर-मीटर खोल जातात, त्यामुळे टोपीवर मला तो अजिबात मान्य नाही. हरळी पुरे. आणि गवत पाहायचं ते भाद्रपदात. चहूकडे हिरवं असताना एखादा गोल डाग पिवळा पडला असेल, तर खालून गॅस येतोय आणि मुळांना हवा मिळत नाहीये. दिवाळीनंतर सगळंच पिवळं पडतं, मग काही कळत नाही.

गटारांचं थोडक्यात सांगतो. गाळ काढूनही पाणी तुंबत असेल तर दोष बहुतेक वेळा उतारात असतो. खालचा कचरा खचला की गटाराचा उतार मधेच उलटा होतो. हे कोरड्यात दिसत नाही. छत्री घेऊन भर पावसात फिरा. खळगा भरायला चिकणमाती लागते, बांधकामाचा राडारोडा चालत नाही.

आता बोअर, म्हणजे कचऱ्याची घाण जमिनीखालच्या पाण्यात उतरतेय का ते तपासायची विंधनविहीर. इथे मी स्वतः बराच काळ फसलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या हाती आलेल्या फायलीत सगळे अहवाल स्वच्छ होते. कारण साधं होतं: बेलर (दोरीने सोडून पाणी वर काढायची नळी) सोडायचा, पहिलंच पाणी बाटलीत भरायचं. ते पाणी पाइपात महिनोनमहिने साठलेलं असतं. हवा लागून त्यातलं विरघळलेलं लोह तळाशी बसतं, वायू उडून जातात, पीएच बदलतो. वर पाइपाभोवतीची सिमेंटची कड तडकलेली असेल तर पावसाचं पाणी सरळ आत उतरतं. तपासणी होते ती याच पाण्याची, जमिनीखालच्या पाण्याची नव्हे.

म्हणून आधी पाइपाच्या काठावरच्या खुणेपासून पाण्याची पातळी मोजा. खूण नसेल तर आजच करा, दर वेळी तिथूनच मोजा. मग पाइपात उभ्या असलेल्या पाण्याच्या तिप्पट पाणी उपसा. १०० मिमी व्यासाच्या पाइपात मीटरला जवळजवळ ८ लिटर पाणी असतं. सहा मीटर पाणी असेल तर ४७ लिटर, तिप्पट म्हणजे सुमारे १४० लिटर. लिटरभराच्या बेलरने दंड भरून येतात, आणि लोक नेमके इथेच कंटाळतात. छोटा पंप मागा, लेखी मागा. उपसताना पीएच आणि ईसी (पाण्याची विद्युतवाहकता) मोजत राहा. लागोपाठ तीन वेळा आकडे जवळपास तेच आले की मगच बाटली भरा. आपल्या काळ्या खडकात कित्येक बोअर उपसताना कोरडे पडतात. घाबरू नका, पाणी परत चढू द्या आणि २४ तासांच्या आत नमुना घ्या. धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्ल, आणि सगळ्या बाटल्या बर्फात.

मुंबईतल्या गोराईसारख्या खाडीकाठच्या जागी भरती-ओहोटीची वेळही लिहा. तिथे क्लोराइड मुळातच जास्त असू शकतं, त्यामुळे लिचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी, ओळखायला अमोनियाही पाहावा लागतो.

नीट उपसल्यावर पहिला अहवाल बिघडलेला आला तर वरिष्ठ विचारतील, ‘आत्तापर्यंत तर चांगलं होतं?’ छातीत धडधडेल. उपशाची नोंदवही पुढे ठेवा. तुमचं काम बरोबर आहे.

एका बाबतीत मात्र धीर देणार नाही. लिचेटच्या खड्ड्यात किंवा मॅनहोलमध्ये मोटर अडकली म्हणून कुणालाही उतरवू नका, स्वतः तर मुळीच उतरू नका. नाकाला वास येत नाही म्हणजे हवा चांगली, असं समजू नका. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू वाढला की वास घेण्याची शक्तीच जाते. मीटर आणि प्रशिक्षित पथक नसेल तर मोटर बुडू द्या.

शिकायचं असेल तर जागेवरच्या जुन्या माळ्याबरोबर फिरा. सल्लागाराचा नकाशा अनेकदा कॅपिंग झालं त्या वर्षाचा असतो, त्यानंतर जमीन कुठे कुठे बसली ते माळ्याला माहीत असतं. तो दाखवेल त्या जागांच्या लेव्हल मे महिन्यात घ्या, म्हणजे पावसाआधी माती टाकायला वेळ मिळेल.