डेटाबेस कनेक्शनच्या सेटिंगला हात लावण्याआधी

सर्वांत आधी एरर मेसेज क्रमांकासकट जसाच्या तसा कॉपी करून ठेवा. 'कनेक्ट होत नाही' एवढ्यावरून काहीच कळत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसचा एरर क्रमांक १०४५ आला असेल तर तुम्ही सर्व्हरपर्यंत पोचला आहात, फक्त युजर किंवा पासवर्ड नाकारला गेलाय. अशा वेळी फायरवॉल (नेटवर्कवरची ये-जा रोखणारी व्यवस्था) उघडझाक करू नका. २००३ असेल तर सर्व्हर गाठलाच गेला नाही, पासवर्ड बदलून उपयोग शून्य. एसक्यूएल सर्व्हरचा १८४५६ म्हणजे लॉगिन नाकारलं. तो समोर 'स्टेट १' (नकाराचं कारण सांगणारा उपक्रमांक) दाखवतो ते मुद्दाम, खरं कारण लपवायला. खरा स्टेट क्रमांक सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये मिळतो, त्यामुळे तो लॉग पाहायची परवानगी आधीच मागून ठेवा.

मग कॉन्फिग फाइलची (कनेक्शनच्या सेटिंगची फाइल) एक प्रत बाजूला काढा आणि होस्ट (सर्व्हरचा पत्ता), पोर्ट (सर्व्हरवर डेटाबेस ज्या क्रमांकावर ऐकतो तो), डेटाबेसचं नाव, युजर लिहून घ्या. पोर्ट कोणी बदललं नसेल तर मायएसक्यूएलला ३३०६, पोस्टग्रेएसक्यूएलला ५४३२, एसक्यूएल सर्व्हरला १४३३.

सर्व्हिस चालू आहे ना, हे सर्व्हरवर पाहा. त्यानंतर आपल्या कॉम्प्युटरवरून पॉवरशेलच्या (विंडोजची कमांड खिडकी) टेस्ट-नेटकनेक्शन या आदेशाने नेमकं ते पोर्ट तपासा. पिंगवर (मशीन उत्तर देतं का एवढंच पाहणारा आदेश) विसंबू नका: पिंगला पोर्ट कळत नाही, आणि पिंग बंद ठेवलेल्या सर्व्हरवरही डेटाबेस व्यवस्थित चालू असू शकतो. नकार लगेच आला तर बहुधा मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. बराच वेळ थांबून टाइमआउट झाला तर फायरवॉल किंवा चुकीचा आयपी पत्ता. पोस्टग्रेएसक्यूएल मुळात फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनवरून आलेलं, ऐकतं. ते बदललं तर सर्व्हिस रीस्टार्टच करावी लागते, नुसतं रीलोड पुरत नाही.

ओडीबीसी (ॲप्लिकेशन आणि डेटाबेस जोडणारी ड्रायव्हरची पद्धत) असेल तर ॲप्लिकेशन ३२ बिटचं की ६४, हे आधी विचारा. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. ६४ बिट विंडोजवर ओडीबीसीच्या सेटिंगच्या दोन वेगळ्या खिडक्या आहेत, आणि गंमत म्हणजे 'सिस्टम३२' फोल्डरमधली ६४ बिटची आहे. ड्रायव्हर ६४ बिटचा आणि ॲप्लिकेशन ३२ बिटचं असलं की 'आर्किटेक्चर मिसमॅच' हा एरर येतो. डीएसएन (ओडीबीसी कनेक्शनची नावाने साठवलेली नोंद) 'युजर' प्रकारचा असेल तर तो फक्त बनवणाऱ्याच्या लॉगिनला दिसतो. दुसऱ्या खात्याखाली चालणाऱ्या सर्व्हिसला 'सिस्टम डीएसएन' लागतो.

मायक्रोसॉफ्टचा ओडीबीसी ड्रायव्हर १८ नुकताच टाकला असेल तर तेही नोंदवा. त्यात एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं, म्हणून ड्रायव्हर १७वर चालणारं कनेक्शन सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर (ओळखपत्रावर) अडू शकतं. पासवर्डमध्ये अर्धविराम असेल तर कनेक्शन स्ट्रिंग (सगळी सेटिंग अर्धविरामाने जोडलेली ओळ) तिथेच तुटते. ओडीबीसीत असा पासवर्ड महिरपी कंसात घालतात.