खासदार कमी करायचे का? भेळेच्या कागदावर हिशोब कसा मांडायचा

परवा रंकाळ्यावर भेळ खाताना परत तोच विषय निघाला, निम्मे खासदार घरी बसवा म्हणजे देशाचा पैसा वाचतोय. म्हटलं भावांनो, इटलीनं हे करून झालंय की. 20-21 सप्टेंबर 2020 ला सार्वमत घेतलं, जवळपास 70 टक्के लोक हो म्हणाले आणि दोन्ही सभागृहांचे मिळून 945 होते ते 600 वर आले. तिथं तुम्ही असता तर काय मत दिलं असतं, हे ठरवायला पेन काढा, भेळेचा कागद आहेच.

आधी प्रश्न नीट वाचा. संसदेनं दुरुस्ती आधीच पास केलेली, लोकांनी फक्त ती मान्य की नाही एवढंच सांगायचं होतं. आणि घटनादुरुस्तीच्या सार्वमताला तिकडं किमान मतदानाची अट नसते, म्हणजे घरात बसून ते पाडायची आयडिया फेल.

पैशाचा आकडा बघून लगेच फिरू नका. समर्थक वर्षाला 10 कोटी युरो वाचतील म्हणत होते, दुसऱ्या एका हिशोबात ते 5.7 कोटीच निघाले. लोकसंख्या 6 कोटीच्या आसपास, भागून बघा, माणशी एक युरो पण नाही.

आता खरा भागाकार, लोकसंख्या भागिले जागा. खालचं सभागृह 630 चं 400 झालं, म्हणजे एका खासदारामागं 95 हजार माणसं होती ती दीड लाख झाली. आपल्याकडं 543 जागा आणि 140 कोटी लोक, म्हणजे एकामागं 25 लाखांच्या वर! त्यामुळं त्यांचं उत्तर आपल्याला जसंच्या तसं चिकटवू नका राव.

शेवटी छोट्या प्रदेशांचं काय होतंय ते शोधा, हे लई जण विसरतात. बाझिलिकाता म्हणून एक प्रदेश आहे, वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे 2011 च्या जनगणनेतलं आपलं कोल्हापूर शहर धरा. त्यांचे सिनेटर, म्हणजे वरच्या सभागृहातले खासदार, 7 होते, राहिले 3.

आपल्याकडं तर असं सार्वमतच नाही, घटनेच्या कलम 368 नं संसदेत दोन तृतीयांश लागतात आणि राज्यांच्या जागांना हात लावायचा तर निम्म्या विधानसभांची मंजुरी पण. आणि कमी करायचं सोडा, दिल्लीत नव्या लोकसभेच्या हॉलमध्ये 888 जागांची सोय करून ठेवलीय.