गावाकडच्या घरासाठी फोन निवडताना आणि परदेशी स्वस्तात बोलताना

देशातल्या देशात बोलायला आता वेगळे पैसे पडत नाहीत. रिचार्ज मारला की बोलणं त्यातच आलं. तरीही आई-वडील गावी, मुलगा दुबईला आणि मुलगी जर्मनीत अशा घरांचा फोनवरचा खर्च काही उतरलेला नाही. कधीच न संपणाऱ्या डेटाचं रिचार्ज, घाईघाईत लावलेला आयएसडी (साध्या फोनवरून थेट परदेशी कॉल) आणि कॅमेरा बघून घेतलेला, पण माजघरात रेंजच न पकडणारा फोन अशा तीन वाटांनी पैसा जातो. पुढचं सगळं अशाच घरासाठी आहे. फोन घ्यायच्या आधी वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

आधी घर, मग दुकान

ज्या खोलीत बसून रोज बोलणं होणार, तिथे कोणत्या कंपनीची रेंज येते ते आधी बघा. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात ओटीवर दोन-तीन कांड्या दिसतात आणि आत गेलं की शून्य. शेजारीपाजारी, भाचे-पुतणे यांच्याकडे वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं असतातच. रात्री आठ-नऊच्या सुमारास, म्हणजे टॉवरवर गर्दी असताना, त्याच खोलीतून प्रत्येकाच्या फोनवरून एक साधा फोन लावा आणि एक व्हिडिओ चालवून बघा. कंपनी इथे ठरते. ‘आमच्याकडे फाइव्ह जी आलं’ या पोस्टरवर ठरत नाही.

काही वाड्यांवर फक्त बीएसएनएलचा टॉवर आहे. बीएसएनएलचं देशी बनावटीचं फोर जी सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर सुरू झालं. ते ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं. यातली ७०० ची लहर लांब जाते आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरते, पण फोनमध्ये ‘बँड २८’ नसेल तर ती फोनला दिसतच नाही. कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेलच्या माहितीत ‘नेटवर्क बँड’ असा तक्ता असतो, त्यात २८ आहे का पाहा. जिओवर असाल तर फोनला व्होल्टी, म्हणजे फोर जीवरूनच साधा कॉल लावायची सोय, हवीच. जिओकडे टू जी-थ्री जी कधी नव्हतंच, त्यामुळे व्होल्टी नसलेल्या फोनवरून जिओचा साधा कॉलही लागत नाही.

कोणत्याच कंपनीची रेंज आत येत नसेल, पण केबलवाल्याने फायबर घरात आणून दिलं असेल, तर प्रश्न जवळजवळ सुटला. वायफाय कॉलिंग नावाची सोय आहे. एअरटेलने ती २०१९ च्या डिसेंबरात आणली आणि पुढच्याच महिन्यात जिओने. नेहमीचाच नंबर, नेहमीचाच डायलर. फक्त आवाज टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून कंपनीपर्यंत जातो. समोरच्याकडे ॲप लागत नाही की नेट लागत नाही, साधा कीपॅडचा फोन असला तरी चालतं. देशातल्या कॉलला वेगळे पैसेही नाहीत.

सेटिंगमध्ये सिमकार्ड किंवा मोबाइल नेटवर्कच्या पानावर ‘वायफाय कॉलिंग’चं बटण असतं, ते चालू करा. खरंच चालतंय का, याची परीक्षा सोपी आहे. फोन एअरप्लेन मोडवर टाका, मग फक्त वायफाय परत चालू करा आणि शेजारच्या घरी साधा फोन लावा. लागला तर काम झालं. नाही लागला तर एकतर फोनमध्ये सोय नाही, किंवा तुमच्या कंपनीने त्या मॉडेलला ती दिलेली नाही. सगळ्याच मॉडेलना ती मिळत नाही, म्हणून ही चौकशी फोन घेण्यापूर्वीची.

राउटरबद्दल तीन गोष्टी. तो शक्यतो घराच्या मध्यावर असू द्या, टीव्हीच्या मागे कोपऱ्यात नको. त्यावर दोन नावांची वायफाय दिसत असतील तर लांबच्या खोलीसाठी २.४ गिगाहर्ट्झचं नाव निवडा. ५ चं वेगवान असतं, पण भिंतीपुढे हात टेकतं. आणि लाइट गेली की राउटर बंद, राउटर बंद की वायफाय कॉलिंगही बंद. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाणं ही बातमी नसते. राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो, तो मला महागड्या कव्हरपेक्षा नेहमीच जास्त उपयोगाचा वाटत आला आहे. फक्त आपल्या राउटरचे व्होल्ट त्याच्या ॲडॉप्टरवर वाचून मगच घ्या. बरेचसे १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाहीत.

दुकानात

बोलण्यासाठी फोन घेताना मेगापिक्सेलकडे दुर्लक्ष करा. नातवंडांचे चेहरे बघायला पुढचा कॅमेरा बेताचा असला तरी पुरतो. बघायचा तो आवाज. दुकानातल्या डेमो फोनवर सिम घालू देत असतील तर तिथल्या गोंगाटात उभं राहून घरी फोन लावा आणि दोन प्रश्न विचारा, पहिला स्वतःला, दुसरा समोरच्याला: मला तुझा आवाज स्पष्ट येतोय का, आणि तुला मागची गाडीघोडी किती ऐकू येतात? फोनच्या वरच्या कडेलाही एक बारीक भोक असेल तर तो बहुधा दुसरा माइक असतो, आजूबाजूचा आवाज गाळण्यासाठी. वयस्कर माणसाला ऐकू कमी येत असेल तर स्पीकर वर-खाली असे दोन्हीकडे असलेला फोन घ्या. हेडफोनची गोल पिन अजून देणारे स्वस्त फोन आहेत. ज्यांना ब्लूटूथचं चार्जिंग सांभाळणं जमत नाही त्यांच्यासाठी ही पिन मोलाची.

बॅटरी ५००० एमएएच आणि रॅम ६ जीबी असली की या कामाला भरपूर झालं. त्यावर पैसे खर्च करायचेच असतील तर किती वर्षं सुरक्षा अपडेट मिळणार, या प्रश्नावर करा. फार जुन्या अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप चालणं टप्प्याटप्प्याने बंद होत जातं, आणि मग ठणठणीत फोनही बदलावा लागतो.

परदेशातून कुणी फोन ‘आणून देतो’ म्हणालं, तर हरखून जाण्याआधी चौकशी करा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४ पासून सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं सिम. तिथल्या कंपनीकडून हप्त्यावर घेतलेला फोन बरेचदा त्याच कंपनीला लॉक केलेला असतो. अँड्रॉइड असेल तर आपल्याकडचं वायफाय कॉलिंग त्यावर सुरू होईलच असं नाही, म्हणजे ज्यासाठी फोन हवा होता तेच गेलं. जपानमध्ये विकलेल्या आयफोनच्या कॅमेऱ्याचा खट्‌ आवाज निदान तिथे तरी सायलेंटवरही बंद होत नाही, ही आपली गंमत म्हणून सांगितली.

जुना फोन घेत असाल तर पैसे देण्याआधी *#०६# डायल करून १५ आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर, काढा. मेसेजमध्ये केवायएम असं इंग्रजी अक्षरांत लिहून, एक जागा सोडून तो नंबर टाका आणि १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर उत्तरात कळतं. सरकारच्या संचार साथी ॲपवरही हीच सोय आहे. विकणारा ‘आत्ता नेट नाही’ म्हणून टाळाटाळ करायला लागला, तर तो फोन तिथेच ठेवून यावं.

रिचार्ज कमी करायची जागा

घरात वायफाय आहे आणि आजी-आजोबा फारसे बाहेर पडत नाहीत. मग त्यांच्या सिमवर रोजचा दीड-दोन जीबी डेटा कशाला? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, कंपन्यांना फक्त बोलणं आणि मेसेज असलेले, डेटा नसलेले प्लॅन द्यायला लावले. मुदतही वर्षभरापर्यंत ठेवता येते. हे प्लॅन ॲपच्या पहिल्या पानावर सहसा दिसत नाहीत. खाली सरकत जाऊन ‘व्हॉइस ओन्ली’ असं काहीतरी शोधावं लागतं, दुकानदारही आपणहून सांगत नाही. साधे फोन या प्लॅनवर, व्हॉट्सॲप घरच्या वायफायवर. बाजारात गेल्यावर व्हॉट्सॲप बंद राहील, तेवढं चालणार असेल तर बचत इथेच सगळ्यात मोठी आहे.

डेटा किती जातो, याचा उगाच धसका घेतला जातो. नेटवरच्या नुसत्या आवाजाच्या कॉलला तासाला ढोबळमानाने २५ ते ४० एमबी लागतात. व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट. अंदाजावर जायचं नसेल तर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, मग ‘नेटवर्क युसेज’ उघडा. कॉलवर किती गेलं ते वेगळं लिहिलेलं असतं. तिथेच ‘यूज लेस डेटा फॉर कॉल्स’ आहे. रेंज कमजोर असेल तर ते चालू ठेवा. आवाज थोडा पातळ होतो, पण तुटत नाही.

आता परदेशचा कॉल

अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया असेल तर प्रश्नच नाही, व्हॉट्सॲपवर होऊन जातं. तिकडे आयफोन आणि इकडे अँड्रॉइड असेल, आणि तिकडच्यांचा ॲपलच्या फेसटाइम कॉलचाच आग्रह असेल, तर त्यांना लिंक पाठवायला सांगा. ती अँड्रॉइडच्या ब्राउझरमध्ये उघडते. उलटं मात्र होत नाही, कॉल सुरू त्यांनीच करायचा.

दुबई, अबुधाबी, शारजा इथे गाडी अडते. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज आणि फोटो जातात, पण कॉल अडवलेले आहेत. गावाकडे बसलेल्या आईला हे ठाऊक नसतं. ती लावत राहते आणि ‘उचलत नाही’ म्हणून काळजी करत बसते. तिथे परवानगी असलेली बोटिमसारखी ॲपं आहेत. ती दोन्हीकडे लागतात, म्हणून सुट्टीवर आलेल्या मुलानेच आई-वडिलांच्या फोनवर बोटिम घालून, एकदा लावून दाखवून जावं. ‘व्हीपीएन (आपण कुठून नेट वापरतो ते लपवणारं ॲप) लाव, सगळं चालतं’ असा सल्ला देणारे मित्र भेटतील. तिथल्या कायद्यात व्हीपीएनच्या गैरवापराला दंड लाखो दिरहमांत आहे. नोकरीवर गेलेल्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

आयएसडी लावायचाच झाला तर आधी त्या देशाचा दर बघा आणि पॅक घ्या. अमेरिका-कॅनडाचे दर गल्फपेक्षा बरेच कमी असतात. अंतराचा इथे संबंध नाही. समोरच्या देशातली कंपनी कॉल पोहोचवायचे किती पैसे मागते, त्यावर दर ठरतो.

परदेशातल्या लँडलाइनवर, म्हणजे एखादं विद्यापीठ, बँक किंवा दवाखाना, व्हॉट्सॲपने फोन लागत नाही. पूर्वी यासाठी स्काइप होतं, ते ५ मे २०२५ ला बंद झालं. आता व्हायबर आउटसारखी सेवा घ्यावी लागते. त्यात थोडे पैसे भरून ठेवायचे, मिनिटामागे कापले जातात. पहिल्यांदा सगळ्यात लहान रक्कमच भरा.

लागतो, पण वाजत नाही

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि दोष नेटवर्कला दिला जातो. खरं कारण बहुतेकदा फोनच असतो. बॅटरी वाचवण्यासाठी बरेच अँड्रॉइड फोन पडद्यामागची ॲपं झोपवून टाकतात. स्क्रीन बंद होऊन काही वेळ गेला की व्हॉट्सॲपही झोपतं. मग मुलीचा कॉल येऊन जातो आणि आईने फोन उघडल्यावर एकदम तीन मिस्ड कॉल दिसतात.

उपाय असा. व्हॉट्सॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, ‘ॲप इन्फो’त जा. ‘बॅटरी’मध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडा. काही ब्रँडमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ किंवा ‘ऑटो लाँच’ असं वेगळं बटण असतं, तेही चालू करा. नोटिफिकेशनची परवानगी आहे का, फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर नाही ना, हे बघा. मग स्क्रीन बंद करून फोन तासभर तसाच टेबलावर ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून कॉल करा. लगेच करून बघितलंत तर तो वाजणारच, त्याला परीक्षा म्हणत नाहीत. बोटिमसाठीही हेच सगळं पुन्हा करायचं.

अनोळखी नंबर

व्हॉट्सॲपवर +८४, +६२, +२५४ अशा परदेशी कोडचे फसवे नंबर भारतात २०२३ मध्ये धो धो यायला लागले होते. ‘प्रायव्हसी’मध्ये ‘कॉल्स’ उघडून ‘सायलेन्स अननोन कॉलर्स’ लावून ठेवा. ओळखीचे नंबर आधी देशाच्या कोडसकट सेव्ह करा, जर्मनीचा +४९, अमिरातीचा +९७१, नाहीतर पोराचाच नवा नंबर गप्प बसेल.

व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करता येते. मुलाने लांबून सेटिंग समजावायला ही सोय उत्तम, आणि भामट्यालाही तेवढीच उत्तम. बँकेचा, पोलिसांचा, कुरिअरचा म्हणून कुणीही स्क्रीन दाखवायला सांगितली की फोन ठेवून द्यायचा. ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच अटक, नावाची गोष्ट कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, दुसऱ्या दिवशीची वाट बघायची नाही.

आणि ११२ किंवा १०८ हे नंबर व्हॉट्सॲपवरून लागत नाहीत. रात्री लाइट गेल्यावर घरातल्या कोणत्या खिडकीत कोणत्या सिमला साधी रेंज येते, ते एकदा बघून घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.