वेचणीच्या वहीत देवाचे उपकार कसे लिहावेत

रविवारी उपासनेत पाळक साक्षीला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायला, वेळ देतात, तेव्हा आमच्या ख्रिस्ती मंडळीत सगळ्यांच्या माना खाली जातात. मग कोणीतरी उठतं, ‘देवानं आठवडाभर सांभाळलं, उपकार मानतो’ म्हणतं आणि बसतं. कुठं सांभाळलं, कशातून सांभाळलं, ते त्या माणसालाच सांगता येत नाही. मीही कितीतरी वर्षं हेच एक वाक्य म्हणत आले. त्यात खोटं काही नव्हतं, पण माझं असंही काही नव्हतं. कोणाच्याही तोंडी बसलं असतं.

मी यवतमाळ जिल्ह्यातली, घाटंजीकडची. चार एकर कोरडवाहू, त्यात पऱ्हाटी म्हणजे कापूस आणि तूर, दारात एक म्हैस, आणि मंडळीच्या महिला संघाचं थोडं काम. मला जे जमलं तेवढंच सांगते.

वही कोणती?

कापूस पिकवणाऱ्या घरात वेचणीची वही असतेच. दिवस मावळताना बायका ओट्या सोडतात, गाठोडी बांधतात, काटा लटकवला जातो आणि घरातलं कोणीतरी नाव नि किलो लिहीत बसतं. कोणाचे किती भरले हे कोणी डोक्यात ठेवत नाही. ठेवलं तर चुकाऱ्याच्या दिवशी भांडण ठरलेलं. कापसाचे तेवीस किलो आपण लिहून ठेवतो आणि देवाचं मात्र ‘राहील लक्षात’ म्हणतो. राहत नाही. बायबलमधले इस्राएल लोक तांबडा समुद्र कोरड्या पायांनी ओलांडून आले आणि तीन दिवस पाणी मिळालं नाही तर मारा नावाच्या जागी, त्यांना घेऊन निघालेल्या मोशेवर कुरकुरू लागले. ते देवाची कामं लवकरच विसरले, असं स्तोत्र 106 मध्ये लिहूनच ठेवलंय. ज्यांनी समुद्र दुभंगलेला पाहिला त्यांची ही गत, तिथं आपली काय कथा!

म्हणून सोनेरी कडांची वेगळी डायरी घेऊ नका. ती नाताळात भेट मिळते, पहिली चार पानं सुंदर अक्षरात भरतात आणि फेब्रुवारीपासून तिच्यात दुधाचा हिशेब जातो. मी उलटं केलं. हिशेबाच्याच वहीत डाव्या पानावर वेचणी, उजव्या पानावर देवाचं. डावं पान उघडल्याशिवाय चालत नाही, म्हणून उजवंही रोज दिसतं. तुमच्याकडे कापूस नसेल तर दुधाची वही घ्या, बचत गटाची घ्या, किराण्याच्या उधारीची घ्या. उधारीची तर फारच चांगली.

लिहायला साधा डॉट पेन वापरा, शाई ओलीत फुटते. वही पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि आत कडुनिंबाचा पाला टाका. माझी 2009 ची अख्खी वही उधईनं खाल्ली. त्या वर्षी देवानं काय केलं ते आता त्यालाच ठाऊक.

काय लिहायचं?

तारीख, जागा, किती, आणि कोणाच्या हातून. एवढंच. ‘देवानं गरज भागवली’ असं लिहू नका. सहा महिन्यांनी वाचलं तर गरज कोणती होती तेच कळत नाही. ‘12 जून. बियाण्याला दोन हजार कमी. थोरल्या नणंदेनं म्हशीच्या चुकाऱ्यातून दिले, मागितले नव्हते’ असं लिहा.

‘कोणाच्या हातून’ हा रकाना मी नंतर घातला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त काम त्यानंच केलं. नाव लिहिलं की त्या माणसाकडे जाऊन सांगावं लागतं. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात, परत फक्त एक येतो, आणि तो शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना परके मानायचे त्यांतला, असतो. आपण प्रार्थनेत देवाला दहादा धन्यवाद म्हणतो आणि नणंदेला एकदाही नाही. मी गेले तेव्हा ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, “एवढ्यासाठी उन्हातानात आली का वं?” पण रात्री तिनं फोन करून परत एकदा विचारलं, मी नेमकं काय म्हणाले होते ते.

लिहिता येत नसेल तर? माझ्या सासूबाईंना अक्षर येत नव्हतं. आठवड्यात काही झालं की त्या पदराला गाठ मारायच्या. रविवारी साक्षीला उठायच्या, एकेक गाठ सोडायच्या आणि प्रत्येक गाठीला एक गोष्ट सांगायच्या. कधीकधी एखादी गाठ कशाची तेच आठवायचं नाही. मग हसून म्हणायच्या, “हे देवाले मालूम.” आमची सगळी मंडळी त्यांच्या गाठी मोजायची. मी त्यांची सून असून मला हे करावंसं वाटलं नाही, लाज वाटायची. आता त्यांच्यासारखी साक्ष कोणी देत नाही.

एका वेचणीत सगळं निघत नाही

वही लिहिण्यापेक्षा ती परत वाचणं महत्त्वाचं, आणि इथंच बहुतेकांचं सुटतं. पऱ्हाटीची सगळी बोंडं एका दिवशी फुटत नाहीत. दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी, मग दुसरी, मग तिसरी. पिकाच्या त्याच ओळीत तीनदा वाकावं लागतं. पहिल्या वेळी जे हिरवं, घट्ट बोंड होतं, ते दुसऱ्या वेळी पांढरं फुटलेलं असतं. वहीचं पानही तीनदा वाचायचं: लिहिल्यावर महिन्याभरानं, मग होळीच्या आसपास, आणि तिसऱ्यांदा 31 डिसेंबरच्या रात्री, उपासनेला जाण्याआधी. नवीन काही दिसलं तर खाली दुसऱ्या रंगाच्या पेननं लिहायचं. जुनं खोडायचं नाही.

2017 सालची माझी वही बघा. ते गुलाबी बोंडअळीचं वर्ष, विदर्भात कोणीच विसरणार नाही. आधी डोमकळ्या दिसल्या, फुलाच्या पाकळ्या गुलाबासारख्या मिटलेल्या, मला वाटलं छानच दिसतंय. मग 29 ऑक्टोबरची नोंद: ‘दहा बोंडं फोडली. सात किडकी. देवा, आता काय.’ प्रश्नचिन्हसुद्धा दिलेलं नाही. पुढं 4 नोव्हेंबर: ‘धुऱ्याचे भाऊ आले होते. चहा घेतला.’ बस्स. धुऱ्याचे भाऊ म्हणजे आमच्या बांधाला लागून शेत असलेले शेजारी.

होळीला वाचायला बसले तेव्हा घरात हरभऱ्याची पोती उभी होती. दीड एकरातली पऱ्हाटी आम्ही नोव्हेंबरात उपटून टाकली होती आणि तिथं हरभरा पेरला होता. ही अक्कल आमची नव्हती. त्या दिवशी चहा पिता पिता धुऱ्याचे भाऊ म्हणाले होते, “वहिनी, उपटून टाका पऱ्हाटी. हरभरा पेरा. पाणी माह्या विहिरीचं घ्या.” ते महानुभाव पंथाचे, आमच्या प्रार्थनेला कधी आले नाहीत, आणि मी त्या दिवशी देवाला ‘आता काय’ विचारून सहा दिवस झाले होते. उत्तर माझ्या ओसरीवर बसून बशीत चहा ओतत होतं आणि मी वहीत चहा तेवढा लिहिला. खाली हिरव्या पेननं मी लिहिलं: ‘हरभरा यांच्या तोंडून आला.’ मग त्यांच्या घरी शेरभर हरभरा नेऊन दिला. त्यांनी आणखी शेरभर मागितला, ते वेगळं.

म्हणून न समजलेलंही लिहा. कोण आलं, कोण गेलं, काय बोललं. उपकार आहे की नाही हे त्याच दिवशी ठरवायची घाई नको.

कवडी वेगळी ठेवा

किडकं, काळपट, नीट न फुटलेलं बोंड म्हणजे कवडी. काही लोक ती चांगल्या कापसात दडपतात, वरून पाणीही मारतात वजनासाठी. पण सरकारी खरेदीत आठ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की भाव कापतात, आणि बाराच्या वर असेल तर गाडी परत. साक्षीलाही लोक असंच पाणी मारतात. दोनशे रुपयांचे दोन हजार होतात, साधा ताप ‘डॉक्टरांनी आशा सोडली होती’ होतो. एक तरुण मुलगा असं ऐकतो, मग घरी जाऊन स्वतःच्या साध्या तापाकडे बघतो आणि त्याला वाटतं, देव मला विसरला. तसं होऊ देऊ नका. दोनशे ते दोनशे.

एक गोष्ट मात्र मला अजून जड जाते. त्याच 2017 च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक माणसं गेली. आमच्या यांनीही फवारलं होतं, पाठीवर पंप, तोंडाला साधा रुमाल. डोळे जळजळत घरी आले, रात्रभर ओकले, तिसऱ्या दिवशी उठून बसले. मी उजव्या पानावर लिहिलं, तारीख घालून. गावातला एक मजूर उठला नाही. पुढच्या महिन्यात त्याची बायको आमच्याकडे वेचणीला आली. संध्याकाळी काट्यावर तिचं गाठोडं लागलं. मी वही उघडली, डाव्या पानावर तिचे चौदा किलो लिहिले. समोरच्या पानावर यांचा जीव वाचल्याची नोंद होती.

ती साक्ष मी मंडळीत कधी दिली नाही. लिहिलेली ठेवली, खोडली नाही, कारण उपकार खराच होता. पण जिचा नवरा गेला तिच्यासमोर उभं राहून जे म्हणता येणार नाही, ते तिच्या पाठीमागे माइकवर म्हणू नये, असं माझं मत झालंय. पाळकांना हे पटलं नाही. ते म्हणाले, देवाचा महिमा लपवू नये. मी म्हटलं, लपवत नाही, ज्वारी घेऊन तिच्या घरी जाते. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या खेपेला त्यांनी अर्धा कट्टा तांदूळ माझ्याजवळ दिला.

घरात वाचायचं कसं?

स्तोत्र 136 मध्ये सव्वीस ओळी आहेत आणि प्रत्येकीच्या शेवटी तेच पालुपद: त्याची दया सनातन आहे. त्यात समुद्र आहे, राजा सीहोन आहे, बाशानाचा राजा ओग आहे, म्हणजे नावं-गावं घेऊन उपकार मानलेत. आम्ही तसंच करतो. 31 डिसेंबरला एकानं वहीतली नोंद वाचायची, ‘12 जून, नणंदेनं दोन हजार दिले’, आणि बाकीच्यांनी पालुपद म्हणायचं. पहिल्या वर्षी पोरं हसत सुटली. ‘म्हैस व्याली, पारडी झाली’ नंतर पालुपद म्हणताना मलाही हसू आवरेना. चालतं. वीस-पंचवीस नोंदी पुरतात, सगळी वही वाचू नका, लेकरं झोपतात. आणि तीच ती जुनी साक्ष दरवर्षी काढू नका. ती फरदड झाली, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेली पऱ्हाटी. फरदडीनं अळी पोसते, कापूस चांगला येत नाही.

लहान लेकरांना वहीपेक्षा वस्तू कळते. यहोशवाच्या चौथ्या अध्यायात यार्देनेतून बारा धोंडे उचलून गिलगालात उभे करायला सांगितलंय, ते मुलांनी ‘हे धोंडे कशाचे?’ विचारावं म्हणून. माझ्याकडे हॉर्लिक्सची एक बरणी आहे. तिच्यात 2017 ची सात किडकी बोंडं आणि मूठभर हरभरे. नातू चार वर्षांचा असताना त्यानं विचारलं, “आजी, हे घाण काऊन ठेवली?” तेव्हापासून ती गोष्ट त्याची झाली. आता पाहुण्यांना तोच सांगतो, आणि त्याच्या सांगण्यात अळी सापाएवढी असते. त्याला पाणी मारू नको म्हणून मी समजावतेय.

प्रत्येक पान संपलं की मी खाली एकच शब्द लिहिते: ‘येथवर’. शमुवेलानं धोंडा उभा करून त्याला एबन-एजर नाव दिलं तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, येथवर परमेश्वरानं साहाय्य केलं. पुढचं बोलला नाही. आणि एबन-एजर हेच नाव त्या जागेचंही, जिथं आधी छावणी असताना इस्राएल हरले होते, तीस हजार माणसं पडली होती आणि कराराचा कोश, म्हणजे त्यांची पवित्र पेटी, त्यांच्या शत्रूंनी, पलिष्ट्यांनी, नेला होता (पहिला शमुवेल, चौथा अध्याय). हे मला फार उशिरा कळलं.

11 फेब्रुवारी 2019 चं पान वेगळं आहे. त्यावर फक्त ‘हे गेले. पहाटे’ एवढंच आहे. हातून कोणाच्या, किती, काही नाही. दर 31 डिसेंबरला ते पान वाचते, हिरवा पेन हातात घेते, आणि लिहिण्यासारखं काही फुटलेलं नसतं. मग वाचल्याची तारीख तेवढी टाकते. स्तोत्र 88 पण अंधारातच संपतं, शेवटी ‘येथवर’सुद्धा नाही, आणि तरी ते शास्त्रात ठेवलंय. आता त्या पानावर सात तारखा झाल्या. शेवटची जरा वाकडी आली, चष्मा शेतावर राहिला होता.