कवटीचे हाड परत बसवण्यापूर्वी: घरच्यांसाठी तयारीची यादी

मेंदूला सूज आल्यामुळे ज्याच्या कवटीचा तुकडा काढून ठेवावा लागला, त्या रुग्णाच्या घरी पुढचे काही महिने एकच प्रश्न असतो: हाड परत कधी बसवणार? माझ्या धाकट्या भावाच्या अपघातानंतर आमच्याही घरी तो रोज विचारला जाई. त्या काळात जे आधी ठाऊक असायला हवे होते, ते सोलापूर शहरातील आणि तालुक्यांतील घरांसाठी येथे लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, काढलेले हाड सध्या कोठे आहे हे लेखी विचारून घ्यावे. ते उणे 80 अंशांच्या फ्रीझरमध्ये असू शकते, रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवलेले असू शकते, किंवा चुरा झाल्यामुळे वा जंतुसंसर्गाच्या शंकेमुळे टाकूनही दिलेले असू शकते. आमच्या डिस्चार्ज कार्डावर याविषयी एक ओळही नव्हती. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर विचारत आम्ही अर्धा दिवस घालवला. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी भावाला आडवे झोपवून माझे बोट त्याच्या बेंबीच्या उजवीकडे टेकवले, तेव्हा कातडीखालची कडक, वळणदार कड हाताला लागली. हाड पोटात असेल, तर शस्त्रक्रियेनंतर डोक्याची आणि पोटाची अशा दोन जखमा सांभाळाव्या लागतात, हे धरून चालावे. हाड वापरण्याजोगे नसेल, तर टायटॅनियम, पीक (PEEK, एक प्रकारचे टणक प्लॅस्टिक) किंवा बोन सिमेंटचा तुकडा बसवतात. मापाचा तुकडा बनवून घ्यायचा असल्यास आधी बारीक कापांचा सीटी स्कॅन लागतो आणि तुकडा तयार होऊन येण्यास वेळ जातो, म्हणून खर्चाची आणि दिवसांची चौकशी पहिल्याच भेटीत करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असल्यास रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील योजनेच्या मदतनिसांना, म्हणजे आरोग्यमित्रांना भेटावे, आणि शस्त्रक्रियेबरोबर तुकड्याची किंमतही योजनेत बसते का, हे स्पष्ट विचारावे.

तारखेबाबत सर्वांना लागू पडेल असा आकडा नाही. सर्वसाधारणपणे हाड काढल्यापासून 6 आठवडे ते 6 महिने या काळात ही शस्त्रक्रिया होते. मात्र त्याआधी मेंदूची सूज उतरलेली, कातडी मऊ पडलेली आणि जुनी जखम पूर्ण कोरडी झालेली असावी लागते. जखमेत जंतुसंसर्ग होऊन गेला असेल, तर तो पुरता गेल्याची खात्री होईपर्यंत आणखी काही महिने थांबावे लागते, आणि तेथे घाई करू नये. उलट, फार लांबवणेही बरे नाही. हाड नसलेली जागा खोल जाऊ लागते. काही रुग्णांना उठून बसल्यावर डोकेदुखी, चक्कर किंवा हातापायांतील अशक्तपणा वाढतो आणि आडवे झाल्यावर बरे वाटते. असे दिसल्यास केव्हा आणि किती वेळ, हे वहीत टिपून डॉक्टरांना दाखवावे, कारण तारीख अलीकडे घेण्यास ते सबळ कारण ठरू शकते. ती जागा खोल न जाता फुगून ताठ राहत असेल, तर डोक्यात पाणी साचले आहे का हे सीटीवर पाहावे लागते. लहान मुलांत परत बसवलेले स्वतःचे हाड विरघळण्याचा धोका अधिक असतो, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी चर्चा करावी. घरातील वडीलधाऱ्यांनी पंचांग काढले तर त्यांचा मान राखावा, पण तारीख जखम आणि सीटी पाहूनच ठरू द्यावी. तोवर हाड नसलेली जागा जपणारे हेल्मेट सुटू नये. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे जातो. घामाने व्रणाची कातडी ओली राहते, म्हणून आतले सुती कापड दिवसातून दोन-तीनदा बदलावे.

भरती होण्यापूर्वी सर्व गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. रक्त पातळ करणारी गोळी केव्हा बंद करायची हे त्यांनीच सांगावे. फिटची गोळी मात्र त्यांनी सांगितल्याशिवाय एक वेळही चुकवू नये. साखर आटोक्यात आणावी, तंबाखू आणि विडी थांबवावी. डोक्यावर घरी वस्तरा फिरवू नये, कारण बारीक चिरांतून जंतू शिरतात. शेवटचे जेवण आणि शेवटचे पाणी यांची वेळ भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्यावी. पंढरपूरच्या बाजूने येणाऱ्यांची तारीख आषाढी वारीच्या दिवसांत असेल, तर त्यांनी आदल्या दिवशीच शहरात मुक्कामाला यावे.

शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस जखमेत साचणारे रक्त बाहेर काढणारी ड्रेनची नळी राहते, आणि त्या बाजूचा डोळा सुजून जवळजवळ मिटतो. हे पाहून घरचे घाबरतात, पण ही सूज बहुधा काही दिवसांत उतरते. टाके साधारण 7 ते 14 दिवसांत काढतात. कानशिलावरचा स्नायू दुखत असल्याने तोंड नीट उघडत नाही, तेव्हा आपली कडक भाकरी आणि शेंगा काही आठवडे बाजूला ठेवून ताजी भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून द्यावी. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून हात धुण्याचे पाणी वेगळे साठवावे आणि धुतलेले उशीचे अभ्रे आधीच जमवून ठेवावेत. ताप, जखमेतून पू किंवा पाण्यासारखा स्राव, वाढती गुंगी, सारख्या उलट्या, फिट, नव्याने आलेला अशक्तपणा यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

ओझे उचलणे महिना-दीड महिना टाळावे. गाडी चालवणे किंवा मागावर उभे राहणे मात्र फिटचा इतिहास पाहून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच सुरू करावे. घरी परतताना कवटीत नेमके काय बसवले आहे, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे आणि पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली, तर ते कार्ड तेथे आधी दाखवावे. आमच्या भावाचे कार्ड घेताना मी ती ओळ लिहिली जाईपर्यंत टेबलापासून हललो नाही.